नाईट, नग आणि महिन्याचा पगार

पत्र लिहिणारा तरुण २६ वर्षांचा, मूळ सोलापूरचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. नोकरीला चार वर्षं पाच महिने झाले, हातात ४६ हजार येतात. कॉलेजात एकांकिका स्पर्धांच्या नादानं प्रकाशयोजनेची गोडी लागली. आता एका प्रायोगिक नाट्यगटाची प्रकाशयोजना तोच सांभाळतो. प्रयोगामागे दीड हजार मिळतात, गेल्या वर्षी २२ प्रयोग झाले. गटाचं नवं नाटक उभं राहतं आहे, दौरे ठरत आहेत आणि दिग्दर्शकानं बजावलं आहे, ‘यायचं तर पूर्णवेळ ये. अर्धवट माणसं नकोत.’ वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, मजुरी नगावर. दम्यामुळे दोन वर्षांपूर्वी काम सुटलं. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते, धाकटी बहीण शिकते. शैक्षणिक कर्जाचे १ लाख ६० हजार बाकी आहेत, हप्ता ६,८०० रुपये. वडिलांचं एकच म्हणणं, ‘नाटकानं पोट भरत नाही.’ त्याचा प्रश्न असा : ‘ताई, नोकरी सोडली नाही तर मी आयुष्यभर भित्रा ठरेन का? आणि सोडली तर स्वार्थी?’

प्रिय मित्रा,

‘मला तू म्हणा’ असं तूच लिहिलं आहेस, म्हणून तू म्हणते.

तुझ्या चार पानी पत्रातला एक परिच्छेद मी तीनदा वाचला. शेवटच्या प्रवेशात आई दाराशी उभी आहे. मागचा निळा उजेड मनात आठ अंक मोजत उतरवायचा, पण तिच्या हातावरचा पिवळा उजेड दोन अंक मागे रेंगाळू द्यायचा, म्हणजे घर विझल्यावरही तिचे हात क्षणभर दिसत राहतात. एका प्रयोगाला फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सरकती कळ, मध्येच अडकला, तू श्वास रोखून तो बोटानं ढकललास आणि अंधार झाल्यावर प्रेक्षागृहातून कुणीतरी हुंदका दिल्याचं तुला ऐकू आलं. हे ज्यानं लिहिलं त्याला या कामाचं खरंच वेड आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तू ती शंका स्वतःविषयी घेऊ नकोस.

पण त्याच पत्रात दुसरी एक गोष्ट मला दिसली. पगाराचा आकडा आहे, कर्जाचा आहे, हप्त्याचा आहे. खर्चाचा आकडा कुठेच नाही. घरी किती पाठवतोस, खोलीचं भाडं किती, मेसला किती, बहिणीची फी कोण भरतं, वडिलांच्या इनहेलरला महिन्याला काय लागतं, यातलं काहीही नाही. तू धैर्य आणि स्वार्थ हे दोन मोठे शब्द समोर ठेवलेस, आणि ज्या कागदावर या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे तो कागद कोराच राहिला.

म्हणून आधी त्या मोठ्या शब्दांबद्दल बोलू. नोकरी न सोडणारा भित्रा, ही समजूत तुला कुठून मिळाली? मला वाटतं, आपण कलावंतांच्या ज्या गोष्टी एकमेकांना सांगतो त्यांतून. डॉ. श्रीराम लागू यांचं उदाहरण तूही दिलं आहेस. ‘एवढे मोठे सर्जन, सगळं सोडून नाटकात आले.’ हे खरं आहे. १९६९ मध्ये त्यांनी कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. पण त्यांचा जन्म १९२७ चा, म्हणजे तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. त्याआधीची जवळजवळ दोन दशकं ते पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारख्या संस्थेतून हौशी रंगभूमीवर उभे राहत होते, आणि सोबत डॉक्टरकीही चालली होती. परदेशातलं प्रशिक्षण, टांझानियातली प्रॅक्टिस, सगळं त्याच काळातलं. आपण गोष्ट सांगताना ‘सोडलं’ एवढंच सांगतो, ‘सोडेपर्यंत काय केलं’ ते गाळतो. पं. वसंतराव देशपांडे यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली आणि चाळिशी उलटल्यावर ती सोडली. त्या सगळ्या वर्षांत त्यांचं गाणं थांबलेलं नव्हतं. आणि डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचाराचं काम सोडलंच नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत शिकवत नाटक-सिनेमा केला. या तिघांपैकी भित्रा कोण, हे तू मला सांग.

उलट बाजूची माणसंही मी पाहिली आहेत, तेही लिहायला हवं, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. माझे वडील रेल्वे डाक सेवेत होते. रात्रभर धावत्या डब्यात पत्रांची छाननी करायची आणि सकाळी घरी येऊन, आंघोळ करून, अर्धा तास पेटी. हात उत्तम होता. कीर्तनाला, भजनाला, गावातल्या संगीत नाटकाला त्यांना बोलावणी यायची. निवृत्तीनंतर एकदा मी विचारलं, नोकरी सोडून हेच करावं असं कधी वाटलं नाही का? ते म्हणाले, ‘पेटीनं मला कधी महिनाअखेर दाखवली नाही, म्हणून ती माझी राहिली.’ मला ते उत्तर फार आवडलं होतं. पण रेडिओवर एखादी मोठी मैफल लागली की ते ऐकता ऐकता उठून अंगणात जायचे, हेही मी पाहिलेलं आहे. त्या अंगणात त्यांच्या मनात काय चालायचं ते मी कधी विचारलं नाही. दोन्ही वाटांना किंमत आहे. कोणती किंमत तुला आयुष्यभर चुकती करता येईल, हे तूच ओळखायचं आहे. माझ्या वडिलांचं उत्तर मी तुझ्यावर लादणार नाही.

आता नाटकाकडे येऊ. तुला हे काम आवडतं, पण तू आजवर ते कशा परिस्थितीत केलं आहेस? कॉलेजात असताना कॉलेजच्या खर्चानं, आणि आता तुझ्या पगाराच्या आधारानं. २२ प्रयोग गुणिले दीड हजार म्हणजे वर्षाचे ३३ हजार. तुझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा १३ हजार कमी. हे आकडे तुझेच आहेत, मी फक्त गुणाकार केला. दौरे वाढले आणि प्रयोग दुप्पट झाले तरी वर्षाचे ६६ हजार होतात. तेव्हा ‘पूर्णवेळ ये’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला अगदी आदरानं दोन प्रश्न विचार. पूर्णवेळ आल्यावर माझी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती, आणि महिन्याला किमान किती प्रयोगांची खात्री? दुसरा प्रश्न जरा अवघड आहे, पण विचार : तुमचं स्वतःचं घर कशावर चालतं? प्रायोगिक नाटक करणारे कितीतरी लोक कुठेतरी शिकवत असतात, डबिंग करत असतात, मालिकांचे संवाद लिहीत असतात, किंवा घरात दुसरा पगार येत असतो. यात कमीपणाचं काही नाही. पण ज्याच्या घरात दुसरा पगार आहे त्यानं, ज्याच्या घरात तोच एक पगार आहे त्याला ‘अर्धवट’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. तू रात्री साडेनऊला ऑफिसातून सुटून तालमीला जातोस आणि दीडला परततोस. त्याला अर्धवट म्हणत नाहीत.

व्यावसायिक रंगभूमीवर आणि मालिकांमध्ये पैसे जास्त आहेत, तिकडे जाईन, असंही तू लिहिलं आहेस. जरूर जा. पण आधी तिथल्या पैशांची चाल समजून घे. नाटकात नाईटवर काम, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर घरी. मालिकांमध्ये दिवसावर काम असतं आणि पैसे हातात यायला नव्वद दिवस लागणं ही तिथली रोजची रीत आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामावर सप्टेंबरचं भाडं भरायचं. शिवाय बहुतेक ठिकाणी दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून रक्कम येते. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण तोवर तो तुझ्या खिशात नसतो. परीक्षांच्या दिवसांत बुकिंग पडतं, क्रिकेटच्या हंगामात पडतं, हे तू बुकिंगच्या खिडकीशी उभा राहून पाहिलेलं असशीलच.

आणि एक काळ असा गेला की सगळंच थांबलं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या प्रेक्षकांत उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत पडदा वर गेला. त्या दीड वर्षात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हाल झाले ते पडद्यामागच्या लोकांचे. नेपथ्य लावणारे, कपडेपट सांभाळणारे, लाइटवाले. ज्यांच्या नावावर नाटक चालतं त्यांच्याकडे थोडीफार शिल्लक होती, ज्यांच्या हातांवर ते उभं राहतं त्यांच्यासाठी रेशनच्या पिशव्या गोळा कराव्या लागल्या. तू त्याच सुमारास, २०२१ च्या आसपास, नोकरीला लागलास. घरात बसून काम करत होतास आणि एक तारखेला पगार येत होता. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू निवडतो आहेस ते काम पडद्यामागचं आहे, आणि पडद्यामागच्या माणसाला आपली शिल्लक आपणच बांधावी लागते, एवढं तुझ्या ध्यानात राहावं म्हणून लिहिते.

आता तो कोरा कागद भरू या. मी अंदाजानं भरते, तू खरे आकडे घाल. घरी १२ हजार, हप्ता ६,८००, खोली आणि वीज ९ हजार, मेस आणि बाहेरचं खाणं ६ हजार, गाडीचं पेट्रोल, फोन, किरकोळ मिळून ४ हजार. बेरीज ३७,८००. म्हणजे महिन्याला ८,२०० उरायला हवेत. उरतात का? उरत नसतील तर ते कुठे जातात हे तीन महिने लिहून काढ. मोबाइलमध्ये नको, वहीत लिही. हातानं लिहिलेला खर्च डोळ्यांसमोरून हलत नाही.

समज, तू ते ८,२०० आजपासून दीड वर्ष वेगळ्या खात्यात टाकलेस. १ लाख ४७ हजार ६०० होतात. त्याच दीड वर्षात नेहमीचा हप्ता भरत राहिलास तर कर्जाचे, व्याजदराप्रमाणे थोडं इकडेतिकडे, ५५ हजारांच्या आसपास उरतील. ते एकदम फेडून टाकलेस तरी ९२ हजार हातात राहतात.

इथे एक गोष्ट सांगते जी तुझ्या पत्रात नाही, म्हणून मला वाटतं तुझ्या लक्षात आलेली नसावी. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून एकदम मिळणारी रक्कम. तुझ्यासारख्या कायम नोकरीतल्या माणसाला ती सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होते. तुझी चार वर्षं पाच महिने झाली आहेत. आज राजीनामा टाकलास तर सात महिन्यांसाठी ती सोडून निघशील. हिशेब साधारण असा असतो : मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम, तिला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. तुझं मूळ वेतन २२ हजार धरलं तर पाच वर्षांचे ६३ हजारांवर होतात. दीड वर्षानंतर निघालास तर पाच वर्षं अकरा महिने होतील, सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे सहा वर्षांचे ७६ हजार. ९२ आणि ७६ मिळून १ लाख ६८ हजार. हप्ता संपलेला असल्यामुळे तेव्हा तुझा महिन्याचा खर्च ३१ हजारांवर आलेला असेल. म्हणजे एकही नाईट न मिळता जवळजवळ साडेपाच महिने घर चालेल, आईला पैसे जात राहतील. आणि तोवर पीएफला हात लावायचा नाही. सलग पाच वर्षांच्या आत तो काढला तर त्यावर करही बसतो.

दीड वर्ष फार वाटतं का? २६ ला वाटतं, मला कळतं. पण हे वाट बघण्याचं दीड वर्ष नाही. त्यात करायचं पुष्कळ आहे.

पहिलं काम वडिलांच्या विम्याचं. तुझ्या कंपनीच्या गटविम्यात आईवडील आहेत असं तू ओझरतं लिहिलं आहेस. नोकरी गेली की ते छत्रही जातं. आणि दम्यासारखा आधीपासूनचा आजार असला की नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. त्या काळात दम्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर पैसे मिळत नाहीत. म्हणून त्यांची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू कर, म्हणजे प्रतीक्षाकाळाची दीड वर्षं पगाराच्या सावलीत निघून जातील. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, तिच्या अटी एचआरकडे विचार. प्रस्तावात दमा लपवू नकोस. लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो. या हप्त्यानं तुझे ८,२०० कमी होतील आणि वरचे आकडे थोडे खाली येतील. येऊ देत. माझ्या मते हा खर्च नाटकाच्या आणि कर्जाच्याही आधीचा.

दुसरं, तुझ्या नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाच. तू प्रयोगाचे पैसे घेतोस. पुष्कळ कंपन्या अशा कामाला लेखी परवानगी मागतात, आणि शनिवार-रविवारच्या नाटकाला ती सहसा नाकारायचं कारण नसतं. चोरून करत राहिलास तर ऐन दौऱ्यात प्रकरण अंगाशी येईल.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तू लिहिलं आहेस, ‘दिवसभर मी जे करतो त्याचा माझ्या खऱ्या आयुष्याशी काहीही संबंध नाही.’ खरंच नाही? दिवसभर तू काय करतोस? एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणे चालते का ते तपासतोस, न चालल्यास नेमकी कुठे अडते ते शोधतोस, आणि त्याची नोंद अशी लिहितोस की दुसऱ्याला ती वाचून काम करता यावं. आणि आजची प्रकाशयोजना कशावर चालते? डिमरच्या दांड्या जाऊन आता एलईडी आणि दिव्यांना डिजिटल सूचना पाठवणारं डीएमएक्स आलं आहे. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येक दिव्याला पत्ता, प्रत्येक क्यूचं, म्हणजे ठरल्या क्षणी होणाऱ्या उजेडाच्या बदलाचं, प्रोग्रॅमिंग. नाट्यगृहात सकाळी ट्रक लागतो, नेपथ्य उभं राहता राहता लाइटवाल्याच्या वाट्याला दीड-दोन तास येतात, त्यात पत्ते जुळत नाहीत म्हणून तीन दिवे पेटत नाहीत, आणि शिडीवरचा मुलगा खाली बघत उभा असतो. त्या वेळी जो माणूस गडबडून न जाता एकेक शक्यता खोडत दोष शोधतो, त्याला पुन्हा बोलावणं येतं. ती सवय तुला नोकरीनं लावली आहे.

ही सवय नाटकाबाहेरही विकली जाते. पुण्यात भरतनाट्यम आणि कथकचे कार्यक्रम, अरंगेत्रम म्हणजे शिष्याचं पहिलं जाहीर नृत्य, संगीत महोत्सव, डिसेंबर-जानेवारीतली कॉलेजांची गॅदरिंगं, कंपन्यांचे सोहळे. तिथे चांगला कन्सोल ऑपरेटर, म्हणजे दिव्यांचं नियंत्रण चालवणारा माणूस, लागतो. दोन अनुभवी प्रकाशयोजनाकारांकडे जाऊन बस, त्यांचे वर्षाचे पैसे किती भाग नाटकातून आणि किती बाहेरून येतात ते विचार. उत्तर ऐकून वाईट वाटेल किंवा हायसं वाटेल, पण दिग्दर्शकाच्या आश्वासनापेक्षा ते उत्तर भरवशाचं असेल. या दीड वर्षात बाहेरची निदान दहा कामं स्वतःच्या नावावर कर, बिल देऊन, वेळेवर पैसे मागून. पैसे मागणं हाही या धंद्याचाच भाग आहे आणि तो तालमीत कुणी शिकवत नाही.

शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र तुझ्या घरापासून दूर नाही, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण देतं. वयाची अट आणि नाटकांच्या अनुभवाची अट त्यांच्या पत्रकात नीट वाच, २६ हे वय रेंगाळण्याचं नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ पाठ्यवृत्ती २५ ते ४० वयोगटासाठी आहे, दोन वर्षं, महिना १० हजार. ती अभ्यास प्रकल्पासाठी असते, म्हणजे विषय हवा. ‘मला नाटक आवडतं’ म्हणून ती मिळत नाही. कमी उजेडात, कमी विजेत, गावोगावच्या सभागृहांत नाटक कसं उजळायचं, हा विषय तुझ्या चार पानांत मला दिसला. त्यावर विचार कर.

तुझ्यासारखी पत्रं मला दर आठवड्याला येतात. कुणाला चित्रं काढायची आहेत, कुणाला बेकरी टाकायची आहे, एका मुलीला बँकेची नोकरी सोडून गाणं शिकायचं आहे, एकाला एमपीएससीचा पाचवा प्रयत्न आणि फोटोग्राफी यांत निवड करायची आहे. तुमच्या सगळ्यांसाठी एक प्रश्न लिहून ठेवते. आवडीचं काम पोटाला लावलं की त्यातला कोणता भाग बदलतो, आणि तो बदल तुम्हाला चालेल का? बेकरी टाकली की केक मनासारखा होत नाही, गिऱ्हाइकाच्या मनासारखा होतो. फोटोग्राफरचे बरेचसे शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या लग्नात जातात. काहींना हे आवडतं, त्यांनी खुशाल त्या धंद्यात पडावं. काहींचा आनंदच त्यानं मरतो. तुझ्या बाबतीत, मित्रा, हे असं दिसेल : एखाद्या कंपनीच्या सोहळ्यात निळा-जांभळा झगमगाट करून दे म्हणतील, तिथे दोन अंक मागे रेंगाळणारा पिवळा उजेड कुणाला नको असेल. असे दहा झगमगाट करून एक नाटक मिळणार असेल तर ते तुला परवडेल का, हे त्या दहा कामांत तुला कळेल. परवडलं नाही तर टेस्टिंगची नोकरी आणि वर्षाचे २२ प्रयोग हेही एक भरलेलं आयुष्य आहे. त्याला हार म्हणू नकोस.

दिग्दर्शक दीड वर्ष थांबला नाही तर? कदाचित नाही थांबणार. ते नाटक तुझ्या हातून जाईल आणि दुसऱ्यानं केलेला तो उजेड बघताना तुला त्रास होईल. हे मी लपवत नाही. पण कर्ज डोक्यावर, विमा नाही, नाईट दीड हजाराची, अशा अवस्थेत तू गेलास तर चौथ्या महिन्यात पैशांसाठी मिळेल ते काम धरशील आणि नाटक तेव्हाही सुटेल. त्याला विचार, शुक्रवार-शनिवार-रविवारचे प्रयोग तू करशील आणि मधल्या वारचे दौरे तू तयार केलेला दुसरा ऑपरेटर करेल, असं चालेल का? क्यूशीट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता उजेड याची यादी, नीट लिहिलेली असेल तर हे होऊ शकतं, आणि क्यूशीट लिहिण्यात तुझ्याइतका तयार माणूस त्याला सहज मिळणार नाही.

शेवटी वडील. तू त्यांचं वाक्य असं लिहिलं आहेस जणू ते एका बाजूला आणि तू दुसऱ्या. मला तसं वाटत नाही. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद होताना पाहिलेल्या पिढीतले ते. स्वतः नगावर काम केलेलं. वीज गेली तर नग कमी, सूत तुटलं तर नग कमी, ताप आला तर शून्य. नगाची मजुरी आणि प्रयोगाची नाईट यांत फरक काय आहे? तुझ्या एचआरला जे समजावून सांगायला अर्धा तास लागेल ते त्यांना एका वाक्यात कळेल. ‘नाटकानं पोट भरत नाही’ हे ते नाटकाबद्दल बोलतच नसतील. ते नगाबद्दल बोलत असतील. आणि आपल्या मुलाला महिन्याचा पगार मिळाला, याचा त्यांना जो आनंद आहे तो तू कधी त्यांच्या बाजूनं पाहिला आहेस का?

म्हणून त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नकोस, सल्ला मागायला जा. वही घेऊन जा. विचार, नगावर घर चालवताना तुम्ही मंदीसाठी काय बाजूला ठेवायचात, उधारी कुणाकडे, आईनं भाकरीचं काम कधी आणि का सुरू केलं? आईलाही बसव. कडक भाकरीचा धंदा तिनं घरच्या चुलीवरून उभा केला आहे, गिऱ्हाईक कसं टिकवायचं आणि पैसे कसे मागायचे हे तुमच्या घरात सर्वांत जास्त तिलाच कळत असेल.

तू लिहिलं आहेस, गेल्या वर्षी सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिरात तुमचा प्रयोग झाला तेव्हा वडील आले होते. तू त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलंस, आणि नंतर ते म्हणाले, ‘नाटक बरं होतं, पण तू कुठे दिसला नाहीस.’ पुढचा प्रयोग कधी आहे? या वेळी त्यांना मागे ने. कन्सोलशेजारी एक खुर्ची टाक आणि ते निळा उतरवून पिवळा दोन अंक मागे ठेवणं त्यांना तुझ्या हातावर बघू दे. उभ्या-आडव्या धाग्यांवर आयुष्यभर बोटं फिरवलेला माणूस आहे. त्यांना दिसेल.

तुझी,
ताई